जुन्या होडीचा साचा

वेळणेश्वरला आता होडी बांधत नाहीत. होडी येते. टेम्पोच्या हौद्यात पालथी, दोरखंडांनी आवळलेली, मागे लाल फडकं बांधलेली, अशी ती गुहागरच्या रस्त्याने वळणं घेत खाली उतरते. दहा-बारा माणसं तिला उचलून वाळूत ठेवतात. संध्याकाळपर्यंत मागे इंजिन बसतं, नाळेला हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाण्यात असते. माझ्या लहानपणी एवढ्या वेळात होडी बांधणाऱ्या आमच्या मेस्त्रींनी लाकडाला हातही लावला नसता. नुसते भोवती फिरून बघत राहिले असते.

किनाऱ्यावर उभं राहून लाकडी होडीसाठी हळहळणाऱ्यांत बहुतेक जण तिच्यातून कधी मासळीला न गेलेले असतात. मीही त्यांतलाच. ज्यांनी रात्ररात्र तिच्यातलं पाणी उपसलं, ती माणसं फायबरबद्दल तक्रार करताना मला फारशी भेटलेली नाहीत. तरीही लिहावंसं वाटतं, कारण दोन्ही होड्या घडताना मी बघितल्या आहेत. एक माडांच्या सावलीत, दुसरी खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आणि त्या दोघींचं नातं लोक समजतात त्याहून बरंच जवळचं आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी शाळकरी होतो. शिमग्याची पालखी देवळात परतली की किनाऱ्यावर लाकडं येऊन पडत. कोणतं लाकूड कशाला, हे ठरलेलं असे. फळ्यांना फणस किंवा आंबा, ऐपत असेल त्याला साग. वळणाच्या तुकड्यांना उंडी. हे झाड समुद्राच्या काठालाच होतं आणि खाऱ्या वाऱ्यापुढे वाकतच वाढतं. मेस्त्रींना नेमकं ते वाकलेपण हवं असे. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर त्याच्या रेषा मध्येच तुटतात आणि पुढे तिथेच ते फाटतं. म्हणून मेस्त्री झाडाखाली मान वर करून उभे राहत आणि फांदीतच होडीची फासळी शोधत. झाडाच्या मालकाला वाटे, हा माणूस उंड्या चोरायला आलाय की काय! उंडीच्या बियांचं कडू तेल तेव्हा दिव्याला चाले आणि होडीच्या अंगालाही चोळत, त्यामुळे संशय अगदीच निराधार नसे.

नकाशा, आराखडा वगैरे काही नव्हतं. माप हातात, वितीत, बोटांत. तळाचं कणालाकूड, म्हणजे पठाण, आधी वाळूत ठेवत. मग पुढची नाळ उभी राही आणि इथून पुढे सगळा कारभार डोळ्यांचा. मेस्त्री वीस पावलं मागे जात, एक डोळा मिटत, परत येऊन वाकसाने दोन टवके काढत, पुन्हा मागे जात. आम्हा पोरांना तो खेळ वाटे. फळीला वळण द्यायचं तर ती ओली करून खालून सोडणांचा मंद विस्तव करत आणि टोकांना जांभ्याचे चिरे बांधून ठेवत. घाई केली की फळी तडकलीच. सामत्याने भोकं पाडायची, खिळे ठोकायचे आणि शेवटी फळ्यांच्या मधल्या फटींत तेलात भिजवलेली कापसाची वात बोथट पटाशीने ठोकून बसवायची. वर राळ आणि तेल उकळून केलेला लेप. ती ठोकाठोक दुपारभर चाले आणि देवळाच्या आवारापर्यंत ऐकू येई.

मेस्त्री होडी बांधत ती माणूस बघून. ज्याला खाडीतच जाळं टाकायचं त्याची बसकी आणि रुंद. ज्याला वेळणेश्वरच्या लाटा फोडून बाहेर जायचं त्याची नाळ उंच. एका म्हाताऱ्या तांडेलासाठी त्यांनी कड मुद्दाम चार बोटं खाली घेतली होती, त्याला जाळं ओढताना खांदा उचलवत नसे म्हणून. त्याने तसं सांगितलंही नव्हतं. मेस्त्रींनी त्याला रापणीच्या वेळी बघितलं होतं.

एवढं करून झालेली होडी पाण्यात उतरली की तिच्यामागचं शुक्लकाष्ठ सुरू होई. समुद्रात लाकूड खाणारी कीड असते. ती खरं तर शिंपल्यांच्या जातीची. पिल्लू असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरते आणि आतल्या आत पोखरत वाढते. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि एक दिवस हाताच्या दाबाने आत जाते. म्हणून होडी ठरावीक दिवसांनी वाळूवर ओढून, कलती करून, खालून झावळ्या पेटवून शेकावी लागे. मग खरवडणं, तेल, लेप. पावसाळ्याआधी ती वर ओढून झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी पुन्हा सगळं पहिल्यापासून. कोरडी पडलेली फळी आकसते, त्यामुळे पहिले दोन दिवस होडी चाळणीगत गळणारच. पाणी पिऊन फळ्या फुगल्या की मग गळती थांबे. पाणी प्यायल्याशिवाय पाणी न थांबवणारी होडी सांभाळायची म्हणजे घरात एक म्हातारं माणूस सांभाळण्याइतकंच काम होतं. ते बहुधा बायकांच्या आणि पोरांच्या वाट्याला येई.

मध्ये एक पायरी होऊन गेली, तिची आठवण फार कोणी काढत नाही. लाकडी होडीलाच बाहेरून फायबर मारायचं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेत लाकडी नौकांना असा कवच-थर देण्यावर काम झालं होतं. रत्नागिरीच्या मोठ्या नौकांवरही पुढे हे सर्रास होऊ लागलं. कल्पना सरळ होती. किडीला लाकूडच दिसलं नाही तर ती खाणार काय? पण ओलसर लाकडावर थर चढवला तर तो नीट धरत नाही. खिळ्यापाशी बारीक तडा गेला की पाणी कवचाच्या आत जातं आणि परत बाहेर येत नाही. वरून चकचकीत होडी आतून कुजते. शेकता येत नाही, तेल मुरत नाही. लाकूड आणि फायबर दोन्हींचे दोष एकाच अंगावर. तरी बऱ्याच होड्यांचं आयुष्य त्याने पाच-सात वर्षांनी वाढलं, हेही खरं.

मग पुरती फायबरची होडी आली. पहिली आली तेव्हा तिच्या कडेवर बोटांनी टकटक करून बघायला अर्धा गाव जमला होता. फळी इंचभर जाडीची बघायची सवय, आणि हिची भिंत पाच-सहा मिलिमीटरची. कुणीतरी म्हणालं, “ही होडी हाय का बादली?” मेस्त्रीही आले होते. त्यांनी नाळेपासून मागेपर्यंत हात फिरवला आणि विचारलं, “जोड खंय?” जोड नव्हताच. ते काही बोलले नाहीत. माझ्या मते त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. होडी गळते ती जोडातून, आणि सुताराची सारी विद्या जोड सांधण्याची. जिला जोडच नाही तिला सुतार लागणार कशाला?

पुढे काही वर्षांनी मी जी शेड पाहिली, तिथे मला वेगळंच उत्तर मिळालं.

कोकणातल्या पोराला साचा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गणपतीच्या शाळेत बसून त्याने शाडूची माती साच्यात दाबलेली असते, कडा साफ केलेल्या असतात. पण गणपतीचा साचा तरी कशावरून निघतो? आधी कुणीतरी हाताने घडवलेल्या मूर्तीवरून. होडीचंही तेच. फायबरची होडी ज्या साच्यात बनते, तो साचा काढायला आधी एक पूर्ण होडी लागते. आणि छोट्या कारखानदाराला सर्वांत स्वस्त आणि खात्रीची होडी कोणती? जिने वीस वर्षं याच लाटा खाल्ल्या, जी इथल्या किनाऱ्यावर नीट लागते, जिच्याबद्दल तांडेल चांगलं बोलतात, ती लाकडी होडी. त्या शेडमधला साचा असाच काढलेला होता. जुनी लाकडी होडी पालथी घालून तिच्या साऱ्या फटी लांबीने भरल्या. आधी खरखरीत, मग पाण्याच्या बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखी केली. रंग दिला, मेण चढवलं आणि तिच्यावर फायबरचे जाड थर टाकून, बाहेरून लाकडी चौकटीचा आधार देऊन, तिचं उलटं अंग काढून घेतलं. त्या होडीचे मेस्त्री तोवर वारले होते.

त्या साच्यात डोकावून पाहिलं तर डावीकडची कड उजवीकडच्यापेक्षा मधोमध किंचित फुगलेली दिसते. मुद्दाम केलेली नाही. एखाद्या उन्हाळ्यात एक फळी हवी तेवढी वाकली नसेल, किंवा मेस्त्रींनी मिटलेला डोळा त्या दिवशी दुखत असेल. पण साचा काही दुरुस्त करत नाही. जे आहे ते घेतो. आता त्या शेडमधून निघणारी प्रत्येक होडी तसूभर डावीकडे फुगलेली असते आणि एकट्या माणसाने वल्ही मारली की जराशी उजवीकडे ओढते. आमच्याकडचे खलाशी हे धरूनच सुकाणू हाकतात. कोण्या एका माणसाच्या एका हंगामातला हाताचा ढंग असा शेकड्याने समुद्रात फिरतो आहे. म्हणून ‘साच्याने हातकाम संपवलं’ असं कोणी म्हटलं की मला ते पुरतं पटत नाही. साच्याने हातकाम थिजवलं आहे. आणि थिजल्यावर ते सुधारायचं थांबलं, हा त्यातला खरा तोटा.

आणि साच्यात जे चालतं तेही हातकामच. शेडमध्ये यंत्र म्हणावं असं कटाई-घासाईचं ग्राइंडर आणि एक पंखा. बाकी ब्रश, रोलर, प्लास्टिकच्या बादल्या, एक वजनकाटा.

पहिला दिवस मेणाचा. साच्याच्या आतल्या अंगाला मेण लावायचं, सुकू द्यायचं, फडक्याने चोळून चकाकी आणायची, पुन्हा लावायचं. नव्या साच्याला हे अनेकदा. वर पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा पातळ पापुद्रा. मेण कुठे राहून गेलं तर तिथे होडी साच्याला कायमची चिकटते आणि मग दोहोंतलं एक फोडावं लागतं. म्हणून हे काम सर्वांत नवख्या पोराकडे असतं आणि सर्वांत जुना माणूस त्याच्या मागे उभा असतो.

मग जेलकोट. रंग घातलेला घट्ट रेझिनचा थर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हीच पुढे होडीची बाहेरची कातडी होणार. म्हणजे होडी बाहेरून आत बनते. लाकडी होडीत रंग शेवटी येई, इथे पहिला. पांढरी आणि खालून निळी हवी, नाव लाल पट्ट्यावर हवं, हे गिऱ्हाइकाने होडी जन्मण्याआधीच सांगायचं. जेलकोट बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, इतपत सुकला की पुढचा थर टाकायचा. हे ‘इतपत’ सांगणारं उपकरण म्हणजे बोटच.

त्यानंतर मॅट. काचेच्या बारीक तंतूंचे तुकडे आडवेतिडवे पसरून केलेलं, गोधडीच्या अस्तरासारखं कापड. एका चौरस मीटरचं वजन 300 किंवा 450 ग्रॅम. आलटून पालटून त्यावर विणलेलं रोव्हिंग, ते 600 ग्रॅमच्या घरातलं, पोत्याच्या विणीचं. रोव्हिंगवर थेट रोव्हिंग टाकत नाहीत, मध्ये मॅट हवंच, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत आणि पुढे आपटल्यावर पापुद्र्यांनी सुटतात. रेझिन मात्र पुरतं भिजेल एवढंच. मॅट आपल्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पितं, रोव्हिंग जवळपास बरोबरीने. जास्त ओतलं की होडी मजबूत होते असं गिऱ्हाइकाला वाटतं. तसं काही होत नाही. ताकद काचेची असते, रेझिन तिला जागेवर धरून ठेवतं. नुसतं रेझिन साचलेली जागा ठिसूळ राहते आणि तिथेच तडा जातो.

आता खरी घाई. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट मिसळलेलं असतं, त्याने ते गुलाबीसर दिसतं. हार्डनर ऐन वेळी घालायचं, एक-दोन टक्के, बाटलीच्या मापाने. आणि ते ज्या बादलीत घातलं तिची घटका भरायला लागली. एप्रिलच्या दुपारी तेच प्रमाण पंधरा मिनिटांत दगड होतं, डिसेंबरच्या सकाळी तासभर पातळच राहतं. म्हणून शेडमधला माणूस आधी दारात उभा राहून हवा बघतो. उकाडा असेल तर हार्डनर कमी. वारा दमट असेल तर मॅट उघडं टाकायचं नाही, ते ओल धरतं. भर पावसात काम बंदच. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांना थेट कधी भेटू द्यायचे नाहीत, भडका उडतो. हे शेडच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं, पहिल्याच दिवशी शिवी देऊन सांगितलेलं असतं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हेही सांगतात. चष्मा मात्र खिळ्याला लटकलेला दिसतो.

दोघं ब्रशने रेझिन मारत पुढे सरकतात, मागून तिसरा खाचांचा लोखंडी रोलर फिरवत येतो. हवा काढणं म्हणतात याला. मॅटखाली अडकलेला बुडबुडा पांढरा दिसतो. रोलर त्याला ढकलत कडेपर्यंत नेतो आणि तो फुटतो. एखादा राहिला तर वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी फोड येतो. नाळेच्या आतल्या चिंचोळ्या कोपऱ्यात रोलर जात नाही, तिथे ब्रशच्या टोकाने टोचत बसायचं. चांगला कारागीर कोण हे मी विचारलं तेव्हा शेडमालकाने नाळेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “हितं बघायचं. बाकी सगळं कुणीपण मारतं.” मेस्त्रीही पोरांचं काम तपासताना नाळेजवळच वाकत.

थर सेट होताना अंग धरतो. हात लावला तर ऊब लागते. एकदम जास्त थर टाकले तर ती ऊब एवढी वाढते की माल पिवळा पडतो, वाकतो, तडकतो. म्हणून दोन-तीन थरांवर थांबायचं. दुसऱ्या दिवशी फासळ्या. लाकडाच्या किंवा फोमच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून मॅट गुंडाळायचं. शेवटी होडी साच्यातून काढायची. कडेने लाकडी पाचरी हळूहळू ठोकतात आणि फटीतून पाणी सोडतात. पाण्याने पीव्हीए विरघळतं, होडी साच्यात तरंगू लागते आणि एक मोठा ‘फट्’ आवाज करून सुटते. तो आवाज झाला की सगळे हसतात. का, ते सांगता येणार नाही.

बाहेरच्या जगात या विद्येचं वय फार नाही. काचेचे तंतू कारखान्यात मुबलक निघू लागले ते 1930 च्या दशकात अमेरिकेत. ओवेन्स-कॉर्निंग कंपनी 1938 ची. ओहायोतल्या रे ग्रीन यांनी 1942 च्या सुमारास काच आणि पॉलिएस्टर रेझिनची छोटी शिडाची होडी केली, तिला या जातीतली पहिली मानतात. आज काचतंतूंचे कारखाने आमच्या किनारपट्टीच्या दोन्ही टोकांना आहेत, वर तळोज्याला आणि खाली गोव्यात कोलवाळला. काच म्हणजे मुळात वाळू, हे लक्षात घेतलं तर आमच्या पुळणीवर येऊन पडलेली होडी अगदीच परकी नाही. हा विनोद शेडमध्ये चालला नाही.

या कामाची उंच पायरी बघायची तर गोव्याच्या मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जावं. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत नौदलाची ‘म्हादेई’ ही 56 फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि 2009 मध्ये नौदलाला मिळाली. तिचं अंग सीडर लाकडाच्या पट्ट्यांचं, आणि त्यावर आतून-बाहेरून काचकापड आणि इपॉक्सी रेझिन. लाकूड आणि फायबर एकत्र, पण इथे लाकूड कोरडं, पुरतं बंद केलेलं आणि इपॉक्सीने धरलेलं. आमच्या जुन्या कवच चढवलेल्या होड्यांत जे बिघडलं ते इथे आधीच ओळखून टाळलेलं. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून एकटेच, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. पुढे ‘तारिणी’ही दिवाडीलाच झाली आणि तिच्यातून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा अधिकारी मुली जग फिरल्या. आणि गंमत अशी की त्याच दांडेकरांच्या गोदीने नंतर अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ बांधलं, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून. केरळचे पारंपरिक कारागीर त्यासाठी आले होते. 2025 मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. एकाच गोदीत काचकापडाचा रोलर आणि काथ्याची सुई. आपल्याकडे दोन्ही गोष्टी येणारी माणसं अजून आहेत, फक्त त्यांना गिऱ्हाईक म्हणून नौदल लागतं. एकट्या मासेमाराला शिवलेली होडी परवडणार नाही, आणि त्याने ती घ्यावी असं आपण सुचवूही नये.

त्याच्या बाजूने हिशेब स्वच्छ आहे. फायबरची होडी हलकी, त्यामुळे त्याच इंजिनाला डिझेल-पेट्रोल कमी लागतं. कीड नाही, शेकणं नाही. खडकावर आपटून भोक पडलं तर एक पोरगा ग्राइंडर आणि अर्धा लिटर रेझिन घेऊन येतो, भोवतालचं घासतो, चार तुकडे मॅटचे मारतो आणि संध्याकाळी होडी पाण्यात. पूर्वी फळी बदलायची तर मेस्त्रींची वाट बघण्यात आठवडा जाई. त्यांना दोन गावांची कामं असत आणि तिसऱ्या गावाचं लग्न. पहिल्या दोन दिवसांची गळती आता कुणाला आठवतही नाही. बायकांच्या हातची तेलाची फडकी गेली, त्याबद्दल त्यांच्यापैकी एकीनेही हळहळ व्यक्त केलेली मी ऐकली नाही.

पण एक गोष्ट लाकडी होडीत होती, ती इथे विकत घ्यावी लागते. लाकडी होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी तळाला जात नसे. लाकूडच ते, डुबत-उसळत राही आणि माणूस तिला धरून राहू शके. फायबरचं अंग पाण्याच्या दीडपट जड. आत पाणी भरलं की ती सरळ खाली. म्हणून नाळेत आणि बसायच्या फळ्यांखाली फोम भरलेले बंद कप्पे ठेवावे लागतात. काही ठिकाणी पैसे वाचवायला थर्माकोल भरतात, त्यावर थेट रेझिन मारलं की थर्माकोल विरघळून नाहीसा होतो आणि वरून भरलेला दिसणारा कप्पा आतून पोकळ राहतो. हुशार पोरं आधी प्लास्टिक गुंडाळतात. होडी घेताना कप्पा ठोकून बघावा, हे इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारणाऱ्यांना सुचत नाही.

दुसरी गोष्ट शेडमधल्या पोरांची. रेझिनमधून उडणाऱ्या स्टायरीनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. नवख्याला दोन दिवस तो नको होतो, मग सवय होते. सवय होणं हीच त्यातली वाईट बाब. काचेचे तंतू मनगटात, मानेत शिरतात, घामाबरोबर खाज सुटते. खोबरेल लावून, गार पाण्याने धुवून पोरं घरी जातात. मेस्त्रींच्या अंगालाही लाकडाचा वास येई, पण तो घेऊन त्यांची नातवंडं मांडीवर झोपत. शेडची दारं दोन्ही बाजूंनी उघडी ठेवायची आणि तोंडाला साधं फडकं नव्हे, वाफ अडवणारा मुखवटा लावायचा, एवढं तरी मालकांनी करावं. होडीच्या किमतीत हा खर्च दिसणारही नाही.

आणि मेलेली होडी. लाकडी होडी म्हातारी झाली की तिचे खिळे सुटे करून विकत, बऱ्या फळ्या गोठ्याला लावत, उरलेलं पाणचुलीत. आमच्या मागच्या पडवीतली एक फळी वर्षानुवर्षं होडीचीच होती, तिच्यावरची भोकं मोजत मी पाढे म्हटले आहेत. फायबर एकदा सेट झालं की पुन्हा वितळत नाही, कुजत नाही, जाळलं तर काळा विखारी धूर. फुटकी होडी पुळणीच्या टोकाला पालथी पडते आणि तशीच राहते. त्यात पावसाचं पाणी साचतं, डास होतात, निवडणूक आली की कुणीतरी तिच्यावर पोस्टर चिकटवतं. महाशिवरात्रीला येणारे पाहुणे तिच्यावर बसून फोटो काढतात. गाव दहा-वीस वर्षांनी या सांगाड्यांचं काय करणार, याचं उत्तर शेडमालकाकडे नाही आणि ग्रामपंचायतीकडेही नाही. वेळणेश्वरला आता अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 2012 पासून. तिथल्या पोरांनी प्रकल्पासाठी विषय शोधायला फार लांब जायला नको.

मेस्त्रींच्या घरात होडीचं काम आता कोणी करत नाही. एक नातू पर्यटकांच्या रिसॉर्टांना खिडक्या-दारं करून देतो आणि हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. वाकस त्याच्याकडे अजून आहे. पण त्याच्या हाताखाली शिकायला पोर येतं ते सहा महिन्यांत स्लायडिंग खिडकी बसवायला लागतं. फायबरचं कामही दोन हंगामांत येतं. मेस्त्री व्हायला वीस वर्षं लागत. वीस वर्षं उमेदवारी करायला आज कोणत्या पोराला आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

गेल्या हंगामात मी पुन्हा त्या शेडमध्ये गेलो होतो. पलीकडच्या वाडीतला एक तांडेल ऑर्डर द्यायला आला होता. साचा एकच, आकार एकच, रंग सोडून त्याला निवडायला काही नाही असं मला वाटलं. तो मात्र तासभर बसला. नाळेला दोन मॅट जादा हवी, कारण त्याच्याकडे होडी खडकातून काढावी लागते. मागच्या पाटाला लाकडी फळी जाड हवी, पुढच्या वर्षी इंजिन मोठं घेणार आहे. उजव्या कडेला, जाळं ओढतात तिथे, रोव्हिंगचा एक पट्टा आतून वाढवा. बसायची फळी एक वीत मागे. आणि डाव्या बाजूचा तो फुगवटा, तो काढता आला तर बघा.

शेडमालक वहीत सगळं लिहून घेत होता. शेवटच्या मागणीला त्याने पेन थांबवलं आणि म्हणाला, “तो नाय निघणार, दादा. तो साच्यात हाय. त्याला नवी होडी बांधणारा सुतार आणून द्या, मग बघू.”

“सुतार आणला तर होडी त्याच्याकडूनच नाय का बांधून घेणार?” तांडेल म्हणाला आणि ॲडव्हान्सचे पैसे मोजायला लागला.